वकिलाकडे राहिलेला पैसा आणि त्याचे व्याज

आपल्या निलंगा भागात 'मावेजा' हा शब्द घरोघर माहीत आहे. सरकारने जमीन घेतली म्हणजे तिच्या बदल्यात जो पैसा मिळतो, तो मावेजा. शब्द उर्दूतून आला आणि मराठवाड्यात रुजला. कुणाची जमीन तलावात गेली. कुणाची कालव्यात गेली, कुणाची रस्त्यात गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर औसा आणि निलंगा भागातली कितीतरी गावे नव्या जागी वसवली. त्या नव्या गावठाणांसाठीही जमिनी लागल्या.

सरकारने दिलेला भाव कमी वाटला, तर शेतकरी वाढीव मावेजासाठी कोर्टात जातो. त्यासाठी वकील करतो. वर्षे जातात. एक दिवस निकाल लागतो, आणि सरकार वाढीव रक्कम कोर्टात भरते. ती रक्कम कोर्टातून उचलावी लागते. पुष्कळ वेळा ती वकिलाच्या हातून येते.

बहुतेक वकील चार दिवसांत पक्षकाराला बोलावतात, हिशेब दाखवतात, पैसे देतात. असे वकील प्रत्येक तालुक्यात आहेत. पण कधी कधी पैसा वकिलाकडेच राहतो. शेतकरी खेपा घालतो. "पुढच्या आठवड्यात या," असे उत्तर मिळते. आठवड्याचे महिने होतात, महिन्यांचे वर्ष होते. शेवटी मुद्दल मिळाले, तरी मधल्या काळाचे व्याज कुठे गेले, हे कुणी विचारत नाही.

ते विचारता येते का? होय, येते. कसे, ते या पाठात पाहू.

१. पैसा कुणाचा?

वकिलाच्या हाती आपल्या नावाने आलेला पैसा हा आपला पैसा आहे. वकील तो फक्त सांभाळतो. शेजाऱ्याने आपली म्हैस चार दिवस गोठ्यात बांधली, म्हणून ती त्याची होत नाही. त्या चार दिवसांचे दूधही त्याचे होत नाही. वैरणीचा खर्च त्याने जरूर मागावा. पैशाचेही असेच आहे. मुद्दल ही म्हैस, व्याज हे तिचे दूध. वकिलाची ठरलेली फी ही वैरण.

हे केवळ आमचे म्हणणे नाही. भारतीय न्यास कायदा १८८२ सालचा आहे. ज्याच्यावर विश्वास टाकून आपण काम सोपवतो, त्याने त्या जागेचा उपयोग करून स्वतःचा फायदा केला, तर तो फायदा मूळ मालकाचा, असे त्या कायद्यात आहे. आणि अशा माणसांच्या यादीत कायद्याचा सल्लागार, म्हणजे वकील, स्पष्ट लिहिलेला आहे.

परदेशातही हा प्रश्न आला होता. स्कॉटलंडमध्ये एक सॉलिसिटर होता. सॉलिसिटर हा वकिलांचाच एक प्रकार. त्याने पक्षकारांचा पैसा बँकेत ठेवला आणि व्याज स्वतः घेतले. ही आपल्या कष्टाची कमाई आहे, असे त्याचे म्हणणे होते. १९६४ साली तिथल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने सांगितले की, ते व्याज पक्षकारांचे आहे. पुढे १९६५ साली इंग्लंडमध्ये अशा व्याजासाठी कायदाच झाला.

२. लखीमपूर खेरीची हकिगत

आता आपल्या देशातली एक खरी हकिगत वाचा.

उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी नावाचा जिल्हा आहे. तिथे एक म्हातारा माणूस होता. गरीब होता. लिहिता-वाचता येत नव्हते. त्याच्या जमिनीच्या मावेजाचा दावा कोर्टात होता. त्याने एक वकील केला. सरकारने मावेजाचे ८,११८ रुपये कोर्टात भरले. २ सप्टेंबर १९८७ रोजी वकिलाने ते कोर्टातून उचलले. पण म्हाताऱ्याला त्याने पैसे दिले नाहीत. पैसे आले आहेत, हेही कळवले नाही.

पुष्कळ दिवसांनी म्हाताऱ्याला ही गोष्ट कळली. तो गप्प बसला नाही. १९८८ साली त्याने वकिलांच्या परिषदेकडे, म्हणजे बार कौन्सिलकडे, तक्रार केली. वकील म्हणाला, "फी आणि खर्च कापून बाकीचे पैसे मी दिले." पुढे म्हाताऱ्याच्या नावाने एक प्रतिज्ञापत्रही दाखल झाले. आमची तडजोड झाली, असे त्यात होते. म्हाताऱ्याने सांगितले, "हे माझे नव्हे." चौकशीत ते खोटे ठरले.

बार कौन्सिलने त्या वकिलाची वकिली तीन वर्षे बंद केली. वकील सर्वोच्च न्यायालयात गेला. पण तिथे शिक्षा कमी झाली नाही, उलट वाढली. जानेवारी २००२ मध्ये न्यायालयाने त्याचे नाव वकिलांच्या यादीतून कायमचे काढून टाकण्याचा हुकूम दिला. पक्षकाराचा पैसा खाणे हे वकिलाच्या गैरवर्तनातले अगदी गंभीर गैरवर्तन आहे, असे न्यायालयाने म्हटले.

रक्कम किती होती? आठ हजारांच्या थोडी वर. पण एका निरक्षर माणसाने दाद मागितली, आणि देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने ती ऐकली. मात्र १९८७ ते २००२ म्हणजे चौदा वर्षांच्या वर काळ गेला, हेही ध्यानात ठेवा. म्हणून सुरुवातीपासून जागे राहिलेले बरे.

पैसा खाल्ला नाही, नुसता अडकवून ठेवला, तर? तोही दोषच. गाझियाबादच्या एका वकिलाने विश्वासाने हाती आलेले १,५०० रुपये विनाकारण स्वतःकडे ठेवले होते. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोषी धरून ताकीद दिली.

३. वकिलाने काय करायला हवे?

देशातल्या सर्व वकिलांना बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम लागू आहेत. त्यातले आपल्या कामाचे नियम असे :

(अ) पक्षकाराच्या पैशाचा हिशेब वकिलाने लिहून ठेवला पाहिजे.

(आ) पैसे घेतले ते फीचे की खर्चाचे, हे हिशेबात लिहिले पाहिजे. खटला चालू असताना खर्चाचा पैसा फीकडे वळवायचा असेल, तर पक्षकाराची लेखी संमती हवी.

(इ) पक्षकाराच्या वतीने पैसा हाती आला, की त्याला होईल तितक्या लवकर कळवले पाहिजे.

(ई) पक्षकाराने मागितली, की हिशेबाची नक्कल दिली पाहिजे. नकलेचा खर्च पक्षकाराने द्यावा.

(उ) हाती असलेला पक्षकाराचा पैसा वकिलाने कर्ज म्हणून स्वतःकडे वळवून घेऊ नये.

(ऊ) "निकाल लागला तर चौथा हिस्सा माझा," असा करार वकिलाने करू नये. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा बजावले आहे.

वकिलाचाही हक्क आहे, तो विसरू नये. काम संपल्यावर ठरलेली फी तो हाती असलेल्या पैशातून कापून घेऊ शकतो. फी ठरलीच नसेल, तर कोर्टाच्या नियमाप्रमाणे होणारी फी कापता येते. पण उरलेला पैसा त्याने परत दिला पाहिजे. फी राहिली म्हणून खटल्याचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. हेही सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे.

४. व्याज कधीपासून?

आपल्या देशात १९७८ सालचा व्याज कायदा आहे. तो लहान आहे, पण फार कामाचा आहे. त्यातल्या दोन गोष्टी समजून घ्या.

पहिली गोष्ट. जिथे विश्वासाचे नाते आहे आणि त्या नात्यामुळे पैसा परत देणे भाग आहे, तिथे कोर्टाने व्याज द्यावे, असे कायदा म्हणतो. ते व्याज दाव्याचे कारण घडले त्या दिवसापासून धरतात. सोप्या भाषेत, पैसा द्यायला हवा होता आणि दिला नाही, तो दिवस. काही खास कारण असले, तरच कोर्ट व्याज नाकारते. वकील आणि पक्षकार यांचे नाते असेच विश्वासाचे आहे. दर किती, हे कोर्ट ठरवते.

दुसरी गोष्ट. इतर देण्यांत, तारीख ठरवून लिहून दिलेली नसेल, तर लेखी नोटिशीला महत्त्व आहे. "अमुक तारखेपासून मी व्याज मागणार आहे," असे पत्र दिले, तर त्या तारखेपासून कोर्ट व्याज देऊ शकते.

म्हणजे दोन्ही प्रकारे लेखी पत्र उपयोगी पडते. तोंडी मागणीला साक्षीदार शोधावा लागतो. कागदावर तारीख असते. खेप घातली ती वाऱ्यावर गेली, पत्र लिहिले ते कागदावर राहिले.

आणखी एक पाहा. भूसंपादन कायद्यात मावेजा उशिरा दिला, तर सरकारलाही व्याज द्यावे लागते. पहिल्या वर्षी शेकडा ९, आणि पुढे शेकडा १५. जुन्या १८९४ च्या कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीनंतर हे दर होते. २०१३ सालच्या नव्या कायद्यातही तेच आहेत. सरकारला जर उशिराचे व्याज द्यावे लागते, तर दुसऱ्या कुणाकडे ते मागायला लाजायचे कशाला?

५. हिशेब करून पाहू

समजा, साक्षरता वर्गात एका मावशीने गुरुजींना विचारले :

"गुरुजी, वकीलसाहेब मोठा माणूस. त्यांना व्याज कसं मागावं? वाईट दिसंल की."

"मावशी, सोसायटीचं कर्ज फेडायला तुम्हाला दोन महिने उशीर झाला, तर सोसायटी व्याज सोडते का?"

"कुठं सोडते! पै पै घेते."

"मग त्यात कुणाला वाईट वाटतं का?"

"नाही. नियमच हाय तो."

"हाही नियमच आहे. रागावून मागायचं नाही, भांडून मागायचं नाही. हिशेब मांडून मागायचं. आता पाटी घ्या. समजा, कोर्टातून आले २ लाख ४० हजार. वकिलाची ठरलेली फी ४० हजार. किती उरले?"

"दोन लाख."

"बरोबर. ते दोन लाख वकिलाकडे दीड वर्ष राहिले. दर शेकडा ६ धरू. शंभराला वर्षाचे ६ रुपये. मग लाखाला?"

"सहा हजार."

"आणि दोन लाखांना?"

"बारा हजार. म्हंजी महिन्याला एक हजार!"

"दीड वर्षाचे महिने अठरा."

मावशी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अठरा हजार. एवढ्यात माझ्या पोरीचं वर्षाचं शिक्षण व्हतंय, गुरुजी."

हिशेबाची रीत अशी : मुद्दल गुणिले दर गुणिले वर्षे, भागिले शंभर. २,००,००० × ६ × दीड ÷ १०० = १८,०००. शेकडा ६ हा दर आपण फक्त शिकण्यासाठी धरला. खरा दर कोर्ट ठरवेल. पण हिशेब आपल्याला आला पाहिजे. हिशेब येणारा माणूस फसत नाही.

६. पत्र कसे लिहावे?

पत्र सरळ आणि थोडक्यात असावे. शिवीगाळ नको, धमकी नको. नमुना पाहा :

गाव .........., तालुका निलंगा
दिनांक ..........

श्री. .........., वकील, यांस
सप्रेम नमस्कार.

माझ्या जमिनीच्या वाढीव मावेजाच्या खटल्यात (खटला क्रमांक ..........) आपण माझे वकील होता. कोर्टातून दिनांक .......... रोजी रु. .......... आपण माझ्या वतीने उचलले, असे मला समजले. आपली ठरलेली फी रु. .......... आहे. ती वजा करून बाकी रु. .......... मला अजून मिळालेले नाहीत.

तरी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत बाकी रक्कम माझ्या बँक खात्यात भरावी. खटल्याच्या संपूर्ण हिशेबाची नक्कल द्यावी. नकलेचा खर्च मी देईन. रक्कम आपल्या हाती आली त्या दिवसापासून माझ्या हाती पडेपर्यंतचे व्याजही मी मागत आहे. कृपया उत्तर लेखी द्यावे.

आपला/आपली,
(सही) ..........

पत्राच्या दोन प्रती करा. एक आपल्याजवळ ठेवा. दुसरी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच मागा. पूर्वी अशी पत्रे रजिस्टर टपालाने जात. २०२५ साली ती सेवा स्पीड पोस्टात मिळवली गेली. पोस्टाची पावती आणि पोच प्रतीला टाचून ठेवा.

पत्र लिहिण्याआधी एक काम करा. कोर्टात किती रक्कम भरली, ती कुणी उचलली आणि कोणत्या तारखेला, याची नोंद कोर्टात असते. अर्ज करून तिची नक्कल मिळते. ती नक्कल हातात असली, की कुणी "पैसे आलेच नाहीत" असे म्हणू शकत नाही.

७. उत्तर आले नाही तर?

पुष्कळ वेळा पत्रानेच काम होते. न झाले, तर पुढचे मार्ग असे :

पहिला मार्ग, मोफत कायदेशीर मदत. तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. सर्व स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, अपंगांना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथे फुकट वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

दुसरा मार्ग, बार कौन्सिल. महाराष्ट्र आणि गोवा यांची बार कौन्सिल मुंबईत आहे. तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. वकील कायदा १९६१ सालचा आहे. त्याप्रमाणे कौन्सिल दोषी वकिलाला ताकीद देऊ शकते, काही काळ वकिली बंद करू शकते, किंवा नाव काढून टाकू शकते. एक वर्षात निकाल झाला नाही, तर तक्रार दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. पण लक्षात घ्या, इथे शिक्षा होते. मुद्दल आणि व्याज यांचा हुकूमनामा इथे मिळत नाही.

तिसरा मार्ग, दिवाणी दावा. मुद्दल आणि व्याज या दोन्हींचा हुकूमनामा दिवाणी कोर्ट देते. अशा दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. ती मुदत जाऊ देऊ नका. मुद्दल दावा लावण्याआधी परत मिळाले, तरी ते मिळेपर्यंतच्या दिवसांचे व्याज मागता येते.

चौथा मार्ग, पोलीस. वकिलाने पैसा खाल्लाच असेल, तर तो विश्वासघाताचा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम ३१६ आहे. मात्र नुसता उशीर झाला, म्हणून पोलिसांकडे धावू नये. आधी पत्र द्यावे.

एक मार्ग आता बंद आहे. ग्राहक मंचात वकिलाविरुद्ध तक्रार चालत नाही. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला आहे. तिथे जाऊन वेळ घालवू नका.

८. आधीच घ्यायची काळजी

भांडण मिटवण्यापेक्षा ते होऊ न देणे चांगले. म्हणून :

फी किती, हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि लिहून घ्या.

वकीलपत्रावर सही करण्याआधी ते वाचा. कोर्टातून पैसे उचलण्याचा अधिकार त्यात असतो, हे ध्यानात ठेवा.

कोऱ्या कागदावर, कोऱ्या पावतीवर किंवा कोऱ्या चेकवर सही किंवा अंगठा देऊ नका. पैसे हाती पडण्याआधी "पैसे मिळाले" असे लिहून देऊ नका.

मावेजा थेट आपल्या बँक खात्यात जमा व्हावा, अशी विनंती कोर्टाला करायला वकिलाला सांगा. खाते आपल्या स्वतःच्या नावाचे असावे. पासबुक आपल्याच घरात असावे.

वकिलाला दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या. एका वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

पूर्वी अक्षर येत नव्हते, म्हणून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागे. आता अक्षर येते. तेव्हा आपल्या पैशाचा कागद आपण वाचावा, आपण लिहावा. जमीन एकदा गेली, ती परत येत नाही. तिच्या बदल्यात आलेला पैसा तरी पूर्ण यावा आणि वेळेवर यावा. उशिरा आला, तर व्याजासह यावा.

नवे शब्द

मावेजा – सरकारने घेतलेल्या जमिनीचा मोबदला
पक्षकार – ज्याच्यासाठी वकील काम करतो तो
मुद्दल – मूळ रक्कम
वकीलपत्र – वकिलाला आपल्या वतीने काम करण्याचा अधिकार देणारा कागद
हुकूमनामा – दिवाणी कोर्टाचा लेखी निर्णय
पोच – पत्र मिळाल्याची खूण

प्रश्न

१. लखीमपूर खेरीच्या म्हाताऱ्याचे किती रुपये वकिलाने उचलले होते? शेवटी त्या वकिलाचे काय झाले?
२. बार कौन्सिल काय करू शकते, आणि काय करू शकत नाही?
३. तोंडी मागणीपेक्षा लेखी पत्र का बरे?
४. ५०,००० रुपये एक वर्षभर वकिलाकडे राहिले. दर शेकडा ६ धरला, तर व्याज किती?
५. वर दिलेला पत्राचा नमुना आपल्या वहीत उतरवून घ्या. रिकाम्या जागा भरून शेजाऱ्याला वाचून दाखवा.